शून्य पूर्णांक चार गुणिले पाच

२०१२ च्या ऑगस्टमधली एक चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. औषधाच्या चिठ्ठीची मागची कोरी बाजू, आणि तिच्यावर डॉक्टरांनी निळ्या बॉलपेनने मांडलेलं गणित. ६२ × ०.४ = २४.८. ते खोडून २५. मग २५ × ५ = १२५ ग्रॅम. त्याखाली, पाच ग्रॅमच्या २५ बाटल्या.

६२ हे माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, किलोमधलं वजन. बार्शीला त्याची पिठाची गिरणी. आधी जुलाब झाले, ते बरेही झाले. दहा-बारा दिवसांनी पायांना मुंग्या यायला लागल्या. दोन दिवसांत जिना चढेना, चौथ्या दिवशी घास तोंडापर्यंत जाईना. सोलापूरला हलवलं. कण्यातलं पाणी तपासलं, मज्जातंतूंची तपासणी झाली आणि आम्ही आयुष्यात कधी न ऐकलेलं नाव कानावर पडलं: गुलेन बॅरी सिंड्रोम. शरीराने जंतूशी लढायला तयार केलेली फौज स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, असं डॉक्टरांनी समजावलं. दर चार तासांनी ते दादाला एका श्वासात आकडे मोजायला लावत. पहिल्या दिवशी तो बावीसपर्यंत पोचला, दुसऱ्या दिवशी चौदापर्यंत. दहाच्या खाली आला तर व्हेंटिलेटर, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

औषध होतं आयव्हीआयजी. शिरेतून द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन. सोलापुरात तेवढ्या बाटल्या नव्हत्या. पुण्याहून बर्फाच्या डब्यात रात्रीच्या गाडीने यायच्या आणि मी पहाटे स्टँडवर उभा असायचो. वहिनीच्या पाटल्या गेल्या, गिरणीवर कर्ज चढलं, मी पतपेढीतून उचल घेतली. चार दिवसांच्या वीस बाटल्या झाल्या. पाचव्या दिवसाच्या पाच राहिल्या. दादाचा आकडा तेव्हा एकोणीसवर आला होता.

“चार पुरणार नाहीत का?” मी डॉक्टरांना विचारलं.

“कोर्स पाच दिवसांचा असतो, सर.”

“आणि थांबलो तर?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “ते मला सांगता येणार नाही.”

माझ्याकडे पैसे होते. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेली ठेव होती. मी ती मोडली नाही. वहिनीला सांगितलं, पुण्यात माल शिल्लक नाही.

दादा वाचला. आठ महिन्यांनी चालायला लागला. डावं पाऊल अजून किंचित घासतं. मी इतिहास शिकवणारा मास्तर. पुढची काही वर्षं त्या पाऊलघाशीचा आवाज ऐकला की एकच प्रश्न पडायचा: हे पाच कुठून आले? शेवटी माझ्या विषयाला जे जमतं ते मी केलं. त्या आकड्याचा माग काढायला बसलो.

*

सुरुवात घोड्यांपासून होते. १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवलं की धनुर्वाताचं किंवा घटसर्पाचं विष पचवलेल्या प्राण्याचं रक्तजल दुसऱ्या प्राण्याला टोचलं तर त्यालाही संरक्षण मिळतं. लवकरच घोड्यांच्या रक्तापासून घटसर्पाचं औषध बनू लागलं. १९०१ चं, वैद्यकशास्त्रातलं पहिलंवहिलं नोबेल बेरिंगला मिळालं ते यासाठीच. आपल्याला ही पद्धत परकी नाही. सर्पदंशावर सरकारी दवाखान्यात जे औषध मिळतं, ते आजही घोड्यांच्याच रक्तापासून बनतं.

पण घोड्याचं रक्तजल माणसाच्या शरीराला परकंच. ताप, पुरळ, सांधेदुखी असा नवाच आजार त्यातून व्हायचा. माणसाला माणसाचीच प्रतिपिंडं द्यायची तर ती रक्तातून वेगळी कशी काढायची, हा प्रश्न होता. तो युद्धाने सोडवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला रणांगणावर नेता येईल असा रक्ताचा पर्याय हवा होता. हार्वर्डमधल्या एडविन कोन या रसायनशास्त्रज्ञाने रक्तद्रव थंड करून, त्यात अल्कोहोल घालून, आम्लता पायरीपायरीने बदलत एकेक प्रथिन साक्यासारखं खाली बसवण्याची रीत काढली. आपल्याकडे दूध नासवून पनीर वेगळं काढतात, तत्त्व तसंच. पाचव्या थराला अल्ब्युमिन मिळालं, ते पर्ल हार्बरच्या जखमींना दिलं गेलं. दुसऱ्या थरात प्रतिपिंडं होती, म्हणजेच गॅमा ग्लोब्युलिन. सैन्याला हवं होतं अल्ब्युमिन. प्रतिपिंडं हा जोडमाल होता. पुढे तो गोवरासाठी वापरला गेला. १९५१-५२ मध्ये पोलिओ रोखता येतो का हे पाहण्यासाठी अमेरिकेत सुमारे ५५,००० मुलांवर त्याची चाचणी झाली. संरक्षण मिळालं, पण काही आठवड्यांपुरतंच.

१९५२ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात ऑग्डेन ब्रूटन या बालरोगतज्ज्ञापुढे आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या रक्तात पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग व्हायचा. ब्रूटनने त्याच्या रक्तातली प्रथिनं विद्युतप्रवाहाने वेगळी करून पाहिली, तर गॅमा ग्लोब्युलिनची जागा चक्क रिकामी होती. मग त्याने दरमहा ते कातडीखाली टोचायला सुरुवात केली आणि संसर्ग थांबले. जे नाही ते बाहेरून भरून देणं, हा या औषधाचा पहिला आणि सरळ उपयोग. इथे मात्रेला मोजमापाचा आधार आहे. टोचलेली प्रतिपिंडं साधारण तीन आठवड्यांत निम्मी होतात. रक्तातली पातळी मोजता येते. म्हणून आज अशा रुग्णांना दर तीन-चार आठवड्यांनी किलोमागे ०.४ ते ०.६ ग्रॅम देतात, आणि पातळी व संसर्ग पाहून कमीजास्त करतात. टाकीत पाणी किती उरलंय ते बघून नळ सोडावा, तसं.

*

दादाचं तसं नव्हतं. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं कमी नव्हती, उलट त्यातलीच काही त्याला छळत होती. ज्याच्या अंगात आग लागली आहे त्यात आणखी लाकूड का घालायचं? याचं उत्तर स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात सापडतं.

आधी एक अडचण दूर व्हावी लागली. कोनच्या रीतीने बनलेलं गॅमा ग्लोब्युलिन स्नायूतच टोचावं लागे. शिरेतून दिलं की थंडी वाजून ताप भरायचा, रक्तदाब कोसळायचा. स्नायूत मावणार किती? महिन्याला किलोमागे ०.१ ग्रॅम हीच नेहमीची मात्रा होती, आणि तेवढ्यानेही पोरं कळवळायची. दादाचे १२५ ग्रॅम या मार्गाने द्यायचे तर पाऊण लिटर दाट द्रव त्याच्या दंडा-मांड्यांत भरावा लागला असता. बर्नच्या सिल्वियो बारांडुन आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की दोष प्रतिपिंडांचा नाही, त्यांच्या गुठळ्यांचा आहे. बनवताना रेणू एकमेकांना चिकटतात आणि शरीर त्या गुठळ्यांवर खवळतं. गुठळ्या काढायच्या रीती निघाल्या, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस शिरेतून मोठ्या मात्रेत देता येईल असं औषध हाती आलं.

त्याच बर्नमध्ये पॉल इम्बाख हा मुलांचा डॉक्टर काम करत होता. त्याच्याकडे एक मुलगा होता. त्याच्या शरीराने स्वतःच्याच प्लेटलेट्स मारायला सुरुवात केलेली. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दीर्घकाळ दिल्यामुळे त्याची प्रतिपिंडं घटली होती. ती भरून काढावीत म्हणून इम्बाखने त्याला हे नवं औषध शिरेतून दिलं. हेतू ब्रूटनचाच, रिकामं भरायचा. पण एका दिवसात त्याच्या प्लेटलेट्स झपाट्याने वर गेल्या. भरायला गेले होते, आणि आग विझली.

१९८१ मध्ये इम्बाख आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा १३ मुलांची हकीकत छापली. मात्रा होती रोज किलोमागे ०.४ ग्रॅम, सलग पाच दिवस.

हे वाचलं तेव्हा मी उठून कपाटातली चिठ्ठी काढली. आकडे तेच. सोलापूरच्या त्या डॉक्टरांच्या अक्षरातलं ०.४ × ५ बर्नच्या एका वॉर्डातून निघून तीस वर्षांनी माझ्या हातात आलं होतं. आणि ते ठरलं कसं होतं? एका गटाला कमी, दुसऱ्याला जास्त, तिसऱ्याला मध्यम असं देऊन, तोलून निवडलेला तो आकडा नव्हता. अनुभव आणि अंदाज यांतून एक मात्रा धरली, ती लागू पडली, आणि जे लागू पडलं ते पुढे पाळलं गेलं.

*

यात डॉक्टरांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. मरणाच्या दारातल्या मुलावर ज्याचा उपयोग होतो ते आधी वापरायचं, हिशेब मागून, हेच रास्त आहे. फरक पडतो तो मागून हिशेब झाला की नाही यात. आणि तो सगळ्या आजारांत सारखा झाला नाही.

जपानमध्ये १९६१ मध्ये तोमिसाकू कावासाकी यांनी ताप, लालबुंद डोळे, फुटलेले ओठ आणि अंगावर पुरळ असलेलं एक मूल पाहिलं. १९६७ मध्ये त्यांनी अशा ५० मुलांची नोंद प्रसिद्ध केली. पुढे कळलं की हा आजार हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगे आणतो. १९८४ मध्ये जपानी डॉक्टरांनी बर्नचाच आकडा, ०.४ ग्रॅम पाच दिवस, या मुलांवर वापरून पाहिला. १९८६ मध्ये अमेरिकेत जेन न्यूबर्गर आणि सहकाऱ्यांनी चार दिवस देऊन तुलना केली. नुसतं ॲस्पिरिन घेतलेल्या मुलांत दोन आठवड्यांनी २३ टक्क्यांच्या रक्तवाहिन्या बिघडलेल्या आढळल्या, आयव्हीआयजीही मिळालेल्यांत ८ टक्क्यांच्या. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. १९९१ मध्ये ५४९ मुलं घेऊन त्यांनी विचारलं, चार दिवस कशाला? किलोमागे २ ग्रॅम एकाच वेळी, दहा तासांत दिले तर? एकदाच दिलेलं अधिक चांगलं ठरलं. तेव्हापासून कावासाकीच्या आजारात एकच ओतणी.

गंमत म्हणजे ज्या प्लेटलेट्सच्या आजारातून हा आकडा निघाला, तिथेही तो टिकला नाही. १९९४ मध्ये कॅनडातल्या एका चाचणीत किलोमागे ०.८ ग्रॅमची एकच मात्रा मुलांना पुरेशी ठरली. म्हणजे बर्नच्या वॉर्डाने आपला पाच दिवसांचा नेम मागे सोडला, पण बार्शीच्या माणसाला तो लागू राहिला.

गुलेन बॅरीत हा आकडा आला रॉटरडॅममार्गे. तोवर एकच खात्रीचा उपाय होता: रक्तद्रवच बदलून टाकायचा, त्यासाठी मोठं यंत्र लागायचं. १९९२ मध्ये फान देर मेशे आणि श्मिट्स यांनी १५० रुग्णांवर केलेली डच चाचणी छापून आली. चार आठवड्यांनी रक्तद्रव बदललेल्यांपैकी ३४ टक्के एक पायरी सुधारले होते, आयव्हीआयजी मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. १९९७ मध्ये ३८३ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दोन्ही उपाय तोडीस तोड ठरले, आणि एकापाठोपाठ दोन्ही करूनही विशेष फायदा दिसला नाही. शिरेतून बाटली लावणं यंत्रापेक्षा सोपं, म्हणून जगभर बाटलीच चालू झाली. मात्रा तीच, ०.४ × ५. तिची तुलना यंत्राशी झाली. तिची तुलना चारशी किंवा तीनशी झाली नव्हती.

मग मला २००१ ची एक फ्रेंच चाचणी सापडली. तीन दिवस की सहा दिवस, हाच तिचा प्रश्न. मी ती श्वास रोखून वाचली. रुग्ण होते अवघे ३९. सहा दिवसवाले थोडे लवकर सुधारल्यासारखे दिसत होते, व्हेंटिलेटरवरच्यांत जास्तच, पण एकूण गटात फरक सिद्ध म्हणावा इतका नव्हता. माझ्या बाजूने निकाल लागला नाही, विरुद्धही नाही.

पुढे २००९ मध्ये डच संशोधकांनी दाखवलं की सगळ्यांना वजनानुसार सारखीच मात्रा दिली तरी रक्तातली प्रतिपिंडं सारखी वाढत नाहीत. ज्यांच्यात ती कमी वाढली, ते सावकाश आणि कमी सुधारले. मग साहजिक वाटलं की अशांना आणखी एक कोर्स द्यावा. तीही चाचणी झाली, २०२१ मध्ये छापली गेली. गंभीर लक्षणांच्या ९३ रुग्णांपैकी निम्म्यांना दुसरा कोर्स दिला. फायदा झाला नाही, उलट रक्तात गुठळ्या होण्यासारखे त्रास वाढले. म्हणजे जास्त दिल्याने जास्त मिळतं असंही नाही. औषध नेमकं कसं काम करतं यावर अनेक उत्तरं आहेत. कुणी म्हणतं ते वाईट प्रतिपिंडांना लवकर नष्ट व्हायला लावतं, कुणी म्हणतं इजा करणाऱ्या प्रथिनांना अडवतं. बहुधा बरंच काही एकाच वेळी घडतं, आणि म्हणूनच टाकीत पाणी मोजून नळ सोडावा तसं इथे करता येत नाही.

*

या शोधात मला एक दुसरंच गणितही सापडलं. एक लिटर रक्तद्रवातून साधारण चार ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन निघतं. दादाच्या वीस बाटल्या म्हणजे १०० ग्रॅम, म्हणजे २५ लिटर रक्तद्रव. आपल्या शिबिरात एक माणूस ३५० मिली रक्त देतो, त्यातून दीडशे-दोनशे मिली रक्तद्रव मिळतो. म्हणजे सव्वाशे-दीडशे माणसांनी बाही वर करावी तेव्हा एवढं औषध होतं. प्रत्यक्षात कारखान्यात हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र केला जातो, कारण जितकी माणसं जास्त तितक्या तऱ्हांची प्रतिपिंडं त्यात येतात. याचाच धोकाही झाला. १९९३-९४ मध्ये अमेरिका आणि युरोपात अशा औषधातून हिपॅटायटिस सी पसरला. त्यानंतर विषाणू मारण्याच्या पायऱ्या कडक झाल्या.

जगातल्या रक्तद्रवाचा मोठा वाटा अमेरिकेतून येतो. तिथे पैसे देऊन, आठवड्यातून दोनदाही तो घेता येतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकायला बंदी आहे. आपला रक्तद्रव येतो तो शिबिरातून, गणपती मंडळाच्या मांडवातून, चहा-बिस्किटावर. हे औषध महाग असतं ते उगाच नाही. ते प्रयोगशाळेत घडवता येत नाही, माणसांकडून गोळाच करावं लागतं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागात गुलेन बॅरीची साथ आली. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण निघाले, चर्चा पाण्याची आणि कॅम्पिलोबॅक्टर या जंतूची. दादाचे जुलाबही बहुधा त्याच कुळातले असावेत. टीव्हीवर एका रुग्णाचा भाऊ दिसला, हातात बर्फाचा डबा. मला पुढचं बघवेना. हा आजार होणाऱ्या बहुतेकांच्या घरात पाच दिवसांचे पैसे नसतात. ढाक्याच्या डॉक्टरांनी हे ओळखून यंत्राशिवाय, साध्या पिशव्या-नळ्या वापरून थोडा थोडा रक्तद्रव बदलण्याची पद्धत २० रुग्णांवर करून पाहिली आणि ती सुरक्षित ठरली. मात्रेचा आणि पर्यायाचा प्रश्न ज्यांना परवडत नाही त्यांनीच विचारावा लागतो, असं दिसतं.

कुणी यातून असा अर्थ काढू नये की डॉक्टरांनी पाच सांगितले तर चार घ्यावेत. ज्या आकड्यावर माणसं बरी झाल्याचा पुरावा आहे तो हाच, ०.४ × ५. चारचा पुरावा कुणापाशी नाही. मी जे केलं ते पुराव्यावरून केलं नव्हतं, ठेव वाचवायला केलं होतं.

त्या फेब्रुवारीत मी बार्शीला गेलो आणि दादाला सगळं सांगितलं. ठेवीचं, पुण्यात माल नसल्याच्या थापेचं, बर्नच्या पोराचं, फ्रेंचांच्या ३९ माणसांचं. वहिनी आत चहा करत होती, तिने ऐकलं असणार, कारण कपांचा आवाज थांबला. दादा गिरणीच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता. त्याने बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाला, “वीस बाटल्यांना किती माणसं म्हणालास?”

“सव्वाशे-दीडशे.”

“त्यातलं एक तरी माझ्या ओळखीचं होतं का?” तो म्हणाला. “आणि तू पाच बाटल्यांचं घेऊन बसलायस तेरा वर्षं.”

वहिनीने चहा आणून दिला. माझ्या हातात कप देताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने पाटल्या परत कधी केल्या नाहीत.